एकही बेडसोर नाही : केईएमच्या सिस्टर्सची ४१ वर्षं

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी आपल्या इतिहासाच्या एपिसोडचं हे लेखी रूप. आधीच सांगतो, या एपिसोडमध्ये एका बाईवर झालेल्या हल्ल्याचा उल्लेख आहे. त्याच्या तपशिलात मी जाणार नाही, कारण आजचा विषय तो हल्ला नाहीये. आजचा विषय आहे त्यानंतरची ४१ वर्षं.

विषय नर्सिंगचा आहे. म्हणजे रोजचं काम. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह, राजे आठवतात. पण कुणी दर दोन तासांनी एका पेशंटची कूस बदलली, याचा इतिहास असू शकतो का? माझ्या मते असतो, आणि तो मुंबईत परळला घडलाय.

आधी जागा समजून घेऊ. केईएम हॉस्पिटल, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल, १९२६ साली सुरू झालं. त्याला जोडून सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. हॉस्पिटल महापालिकेचं. गिरणगावातला कामगार असो की कोकणातून, विदर्भातून, थेट उत्तर प्रदेशातून आलेला पेशंट, शेवटी केईएमला यायचा. आजही येतो. तिथल्या गर्दीबद्दल तुम्हाला मी वेगळं काय सांगणार!

या हॉस्पिटलमध्ये अरुणा रामचंद्र शानबाग ही तरुण नर्स काम करत होती. मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. वय पंचविशीचं, हॉस्पिटलमधल्याच एका डॉक्टरशी लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपल्यावर ती तळघरात कपडे बदलायला गेली होती. तिथे हॉस्पिटलच्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. जीव वाचला, पण ती पुन्हा कधीच उठली नाही. त्या माणसाला शिक्षा झाली ती मारहाण आणि चोरीसाठी, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप लागलाच नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमधली नर्स कपडे बदलायला तळघरात जात होती. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या. मागण्या दोन होत्या : अरुणाला नीट उपचार मिळावेत, आणि आम्हाला सुरक्षितपणे काम करता यावं.

आता ४१ वर्षांकडे येऊ. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला, तोपर्यंत ती केईएममध्येच होती. या काळात तिला बेडसोर झाले नाहीत. २०११ साली सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासलं, तेव्हा ३७ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या पेशंटच्या अंगावर एकही बेडसोर नव्हता.

ऐकताना हे वाक्य सहज सरकून जातं. म्हणून बेडसोर म्हणजे काय ते आधी बघू.

आपण झोपेत सतत हलत असतो. कूस बदलतो, पाय ओढतो. का? कारण हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, आणि दाब वाढला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. आपल्याला कळ लागते, आपण हलतो. ज्याला हलताच येत नाही, त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर, डोक्याच्या मागच्या बाजूला रक्त पोचत नाही. आधी लाल डाग पडतो, मग कातडी फाटते, मग जखम हाडापर्यंत जाऊ शकते. जंतू आत शिरले की ते जिवावर बेततं. घरी आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेले असतील तर हे तुम्ही पाहिलंही असेल.

यावर मोठं औषध नाही. उपाय म्हणजे मेहनत. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, कोरडी करायची, ओली चादर लगेच काढायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, खाणं नीट द्यायचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९-६० च्या सुमारास नर्सिंगवरचं आपलं पुस्तक लिहिलं, त्यातच तिने म्हटलंय की बेडसोर झाला तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, देखभालीचा असतो. ही तीच बाई, जिने क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आकडे गोळा करून असे चार्ट काढले की जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक मेले हे एका नजरेत दिसावं. आमच्या डेटावाल्या लोकांची ती पणजी म्हणा ना!

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ते १८ मे २०१५ म्हणजे १५,१४७ दिवस. दोन तासांचा नियम धरला तर दिवसाला १२ वेळा, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार वेळा कूस बदलणं. तीन शिफ्ट धरल्या तर ४५ हजारांहून जास्त वेळा एका सिस्टरने दुसऱ्या सिस्टरच्या हाती पेशंट सोपवणं. हा माझा कागदावरचा हिशोब आहे, कुठल्या रजिस्टरमधला नाही. पण कामाचा आकार यातून कळतो.

आमच्याकडे ऑन-कॉल असतो. सर्व्हर रात्री तीनला पडला की फोन वाजतो. पहिल्या टीमकडून दुसऱ्या टीमकडे सिस्टीम जाते, तेव्हा सगळ्यात जास्त गडबड कुठे होते? हँडओव्हरला. कुणीतरी काहीतरी सांगायचं विसरतं, दुसऱ्याला वाटतं पहिल्याने केलं असेल. पाच वर्षांत टीम पूर्ण बदलली तर जुनं कोड कुणाला कळत नाही. आता केईएमकडे बघा. १९७३ मध्ये बावीस वर्षांची असलेली सिस्टर अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाली असेल, तर साल येतं २००९. म्हणजे अरुणाला सहकारी म्हणून ओळखणारी पिढी तोवर जवळपास संपली. नंतर ज्यांनी तिला भरवलं, अंघोळ घातली, त्यातल्या अनेकींचा १९७३ मध्ये जन्मही झाला नव्हता. त्यांच्यासाठी ती मैत्रीण नव्हती. ती त्यांच्या हाती सोपवलेली पेशंट होती. तरी काम तसंच चाललं.

माझी आत्या एका सरकारी हॉस्पिटलमधून स्टाफ नर्स म्हणून रिटायर झाली. हा एपिसोड करताना तिला विचारलं, हे कसं जमत असेल गं? ती म्हणाली, “त्यात जमायचं काय? ड्युटीवर आलास की पहिलं पेशंट बघायचा. कागद नंतर. चादर उचलून पाठ बघायची. लाल दिसलं की मागच्या शिफ्टला तिथल्या तिथे विचारायचं. भांडण झालं तरी चालेल, पण विचारायचं.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि पेशंट बोलत नसला तरी आपण बोलायचं. आता कूस बदलते हां, असं सांगूनच हात लावायचा.”

कोर्टासमोर आलेल्या डॉक्टरांच्या अहवालात अशाच बारीक गोष्टी आहेत. मासे किंवा चिकन सूप दिलं की अरुणाच्या चेहऱ्यावर हसू यायचं. न आवडलेलं ती थुंकून टाकायची. खोलीत माणसं जास्त झाली की अस्वस्थ व्हायची, गर्दी कमी झाली की शांत. सप्टेंबर २०१० मध्ये ताप आला, बहुतेक मलेरिया, तोवर ती तोंडाने खात होती. नंतर नाकातून नळी घालावी लागली. आता विचार करा, जी बोलत नाही तिची आवडनिवड कळायला किती दिवस तिच्याकडे बघत बसावं लागलं असेल!

पण ही गोष्ट नुसती गोड नाहीये.

१९८० च्या दशकात महापालिकेने तिला केईएममधून हलवायचा दोनदा प्रयत्न केला. कारण व्यवहारी होतं : खाट अडकते, आणि इथे बाहेर पेशंट रांगेत आहेत. सिस्टर्सनी विरोध केला, महापालिकेला माघार घ्यावी लागली.

मग २००९. अरुणावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं होतं की या अवस्थेत जगवत ठेवणं म्हणजे तिच्या प्रतिष्ठेचा अपमान आहे, तिला भरवणं थांबवा आणि शांतपणे जाऊ द्या. केईएमचे डीन आणि सिस्टर्स यांचं म्हणणं नेमकं उलट : ती आमची आहे, आम्ही शेवटपर्यंत सांभाळू. कोर्टापुढे हेही आलं की तिची काळजी घेतलेल्या एका रिटायर्ड सिस्टरची बिनपगारी हे काम करायची तयारी आहे.

७ मार्च २०११ ला निकाल आला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. पण त्याच निकालात, कडक अटींवर आणि हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील, असा मार्ग भारतात पहिल्यांदा खुला केला. आणि एक प्रश्न सोडवला : जी स्वतः बोलू शकत नाही, तिच्या वतीने बोलायचं कुणी? कायद्याच्या भाषेत ‘नेक्स्ट फ्रेंड’ कोण? कोर्ट म्हणालं, केईएमचा स्टाफ. रक्ताचं नातं नाही, पुस्तक लिहिलेली व्यक्ती नाही, तर जे रोज सांभाळतात ते. त्या दिवशी सिस्टर्सनी केक कापला, मिठाई वाटली. पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं. त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा म्हणजे परळमधली ही खाट.

विराणी चूक आणि सिस्टर्स बरोबर, असं मी म्हणणार नाही. अरुणाला स्वतःला काय हवं होतं हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं. तुम्हाला स्वतःसाठी काय हवं असेल, हा विचार मात्र करून बघा आणि घरी बोलूनही ठेवा.

माझा मुद्दा वेगळा आहे. ही गोष्ट सांगताना आपण पटकन ‘त्याग’, ‘ममता’, ‘देवदूत’ हे शब्द वापरतो. ते वापरले की आपलं काम संपतं. देवदूताला पगार, सुट्टी, कपडे बदलायला खोली थोडीच लागते? पण ज्यांनी अरुणाला सांभाळलं, त्याच गटाने १९७३ मध्ये संप केला होता. संप करणारी सिस्टर आणि भरवणारी सिस्टर वेगळी नव्हती. दोन्हीकडे मागणी एकच होती : या कामाला किंमत द्या.

ही मागणी जुनी झालेली नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकाऊ डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, इतर हॉस्पिटलात पाचामागे एक. सरकारी वॉर्डात कधी रात्री थांबला असाल, तर किती खाटांमागे एक सिस्टर पळत होती ते आठवा. दोन तासांनी कूस बदलायचा नियम तिथे मोडतो तो मायेअभावी नाही, हातांअभावी. सुरक्षेचंही तसंच. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा आला २०१० मध्ये, म्हणजे अरुणानंतर ३७ वर्षांनी. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या घटनेनंतर ड्युटीवरच्या विश्रांतीच्या खोल्या, सीसीटीव्ही, रात्रीची वाहतूक याच गोष्टींवर देशाला पुन्हा चर्चा करावी लागली. तळघर आठवलं ना?

आणि समाधानाचं काय? आत्याला विचारलं, या नोकरीत तुला मिळालं काय? मला वाटलं, कुणी पाया पडलं, कुणी मुलीला नाव दिलं, असं काही सांगेल. ती म्हणाली, “पेशंट दोन महिने झोपून होता, घरी जाताना पाठ साफ होती. नातेवाइकांना कळतही नाही. आपल्याला कळतं.”

जे काम नीट झालं की काहीच घडत नाही, त्याची बातमी होत नाही. म्हणून हा एपिसोड. पुढच्या वेळी कुणाला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलात, तर सिस्टरना नावाने हाक मारा, आणि रात्री वॉर्डात किती जणी ड्युटीवर असतात तेही विचारा. उत्तर काय मिळालं ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच!