पल्ला वॅटांनी वाढत नाही

मुंबई विद्यापीठाचे सामुदायिक रेडिओ केंद्र 2008 साली 107.8 मेगाहर्ट्झवर सुरू झाले, ते वाकोल्याला खेटून असलेल्या कालिना संकुलात. अशा लहान केंद्रांच्या पल्ल्याचा विषय निघाला की एक उपाय हमखास पुढे येतो : सरकारी धोरणाने अँटेनातून बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीला साधारणपणे 100 वॅटची मर्यादा घातली आहे, ती 200 करा, पल्ला दुप्पट होईल. हे मत मुळातच चुकीचे आहे.

मोकळ्या अवकाशातही दुप्पट अंतर गाठायला चौपट शक्ती लागते. जमिनीलगत, दूरवर, थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परतलेली लहर एकमेकींना खोडतात. तिथे लागते सोळापट. या हिशेबाने 100 चे 200 वॅट केले, तर पल्ला वाढेल जेमतेम 19 टक्के. उलट अँटेना 15 मीटरवरून 30 मीटरवर चढवली, तर लाभ थेट 400 वॅटचा!

यावर प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले : धोरणात उंचीची कमाल 30 मीटर, शिवाय वाकोल्यात विमानतळामुळे उंचीवर वेगळे निर्बंध, मग वॅटच वाढवायला नकोत का? पण नेमके इथेच ते वाढवू नयेत. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा पट्टा सुरू होतो. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारे संकेत याच शेजारात असतात. 107.8 वरचा दांडगा संकेत उतरणाऱ्या विमानाच्या रिसीव्हरला बधिर करू शकतो. चार घरे जास्त ऐकतील म्हणून ही जोखीम घेणे मला अक्षम्य वाटते.

काँक्रीटच्या घरात जास्त वॅटचा थोडा उपयोग होतो, हे मान्य. पण दुप्पट शक्तीने जे मिळते, त्याहून जास्त बहुतेकदा एक भिंतच खाऊन टाकते. मग रेडिओ खिडकीत का ठेवू नये? केंद्रानेही आधी केबल तपासावी. जुन्या, पाणी शिरलेल्या केबलमध्ये निम्मी शक्ती वाटेतच जिरू शकते.

श्रोत्याच्या हातातला उपाय तर याहून सोपा. 107.8 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 2.78 मीटर, म्हणून पाव लांबीची, 70 सेंटीमीटरची साधी तार चांगली अँटेना होते. मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायर हेच काम करते. ती गुंडाळून खिशात कोंबू नका, मोकळी सोडा. केंद्राची अँटेना उभी असेल, तर उभीच.