लग्नाआधीचं पान

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी “सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा” असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. इतिहास म्हणजे नोंदणीचा दाखला, कन्व्हेयन्स, टाकीची गळती, लिफ्ट बदलली ते साल. ते सगळं सेक्रेटरींच्या फायलीत नीट लावलेलं आहे. पण फायलीत नाही असा एक इतिहास माझ्याकडे आहे. मीटर रूमच्या कपाटात सोसायटीची मोठी भांडी आहेत, आणि ती कोण, कधी, कशासाठी घेऊन गेलं याची एक शंभर पानी वही आहे. पहिल्या वर्षापासून ती माझ्याकडे आहे. त्या वहीत ‘कारण’ या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द लिहिलेला आहे: केळवण.

आपल्याकडे सगळीच घरं मराठी नाहीत, आणि नव्या पिढीला केळवण म्हणजे सजवलेल्या टेबलाचा फोटो एवढंच माहीत आहे, म्हणून थोडं सांगते. लग्न किंवा मुंज ठरली की नातेवाईक, शेजारी, स्नेही त्या मुलाला किंवा मुलीला घरच्यांसह जेवायला बोलावतात. पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, औक्षण करायचं, गोडाधोडाचं वाढायचं आणि उठताना हातात काहीतरी आहेर ठेवायचा. काही घरांत यालाच गडगनेर म्हणतात. ग्रहमखाच्या दिवशी घरचं केळवण होतं, म्हणजे आईवडिलांच्या घरचं शेवटचं पान.

आपल्या लग्नातले बरेचसे विधी असे जेवणाभोवतीच फिरतात. रुखवत आता मांडून ठेवायची वस्तू झाली आहे, पण मूळ रुखवत म्हणजे जानवसघरी उतरलेल्या नवरदेवाला लग्नाआधी पाठवलेला फराळ. सीमांतपूजन आता हॉलमध्ये आदल्या संध्याकाळी होतं. पूर्वी ते खरोखर गावाच्या शिवेवर किंवा शिवेजवळच्या देवळात व्हायचं. वराकडची मंडळी गावात शिरण्याआधी मुलीकडचे सामोरे जायचे, मान द्यायचे आणि मग रात्री दोन्ही घरं एका पंगतीला बसायची. लग्नाच्या दिवशी कोणाला कोणाशी बोलायला वेळ नसतो. ओळख होते ती आदल्या रात्री, जेवताना.

माझं स्वतःचं लग्न १९७३ च्या मे महिन्यातलं, सोलापूर जिल्ह्यातलं. दुष्काळ चालू होता. विहिरी आटलेल्या, ज्वारी मिळत नव्हती, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी नीट थापली जायची नाही, कडा फुटायच्या. शेजारच्या मावशींचे यजमान दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. त्या मावशींनी मला केळवणाला बोलावलं. आई म्हणाली, “अहो, कशाला? तुमचंच कसं चाललंय ते दिसतंय की.” मावशी म्हणाल्या, “पोरगी रिकाम्या तोंडानं जायची नाही माझ्या दारावरून.” पानात मिलोची भाकरी, पिठलं, कांदा आणि गोड म्हणून रेशनची साखर, बोटभर तुपात कालवलेली. लग्नात काय जेवले ते मला आज आठवत नाही. ती साखर आठवते.

आता सोसायटीकडे येते. २००० साली नोंदणी झाली आणि आपण अठ्ठावीस घरं राहायला आलो. कोणी गिरगावातल्या चाळीतून, कोणी कोकणातून बदली होऊन, कोणी गोव्याचे, कोणी कच्छचे. चाळीत दारं उघडी असायची, इथे सगळी बंद. पहिले काही महिने जिन्यात भेटलो तर मान हलवायची, एवढंच. २६ जानेवारी २००१ ला सकाळी गेटपाशी ध्वजवंदनाला उभे होतो, तेव्हा जमीन हलल्यासारखी वाटली. वरच्या मजल्यांवरची माणसं घाबरून खाली आली. दुपारपर्यंत कळलं की भुजला भूकंप झालाय. ३०१ मधल्या काकूंचे भाऊ-भावजय तिकडे होते आणि फोन लागत नव्हते. त्या दिवशी प्रथमच सगळे एकमेकांच्या घरात गेलो. रात्री त्यांच्या घरी जेवण कोणी पाठवलं, कोणी पाणी भरलं, याचा हिशेब राहिला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ सुखरूप असल्याचं कळलं.

त्यांच्याच मुलीचं लग्न फेब्रुवारीत होतं. लग्न पुढे ढकलावं असं घरात चाललं होतं. तेव्हा २०३ मधल्या काकू म्हणाल्या, “लग्नाचं तुम्ही बघा. केळवण आम्ही करतो, सगळ्यांनी मिळून.” काकूंना केळवण म्हणजे काय ते आम्ही समजावून सांगितलं. गच्चीवर पहिली पंगत बसली. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. भांडी भाड्याने आणली होती, ती परत देताना दोन झारे कमी भरले आणि भांडण झालं. म्हणून वर्गणी काढून सोसायटीनेच भांडी घेतली: दोन जर्मनची मोठी पातेली, कढई, परात, झारे, ओगराळी, स्टीलची ताटं आणि वीस पाट. वहीतली पहिली ओळ त्याच महिन्यातली आहे.

‘कारण’ या रकान्यात केळवणाशिवाय इतरही नोंदी आहेत. २६ जुलै २००५ ची नोंद माझ्या अक्षरात नाही, कोणीतरी घाईने पेन्सिलीने लिहिली आहे: “खिचडी, रस्त्यावरच्या लोकांसाठी.” त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या गेटसमोर कमरेएवढं पाणी होतं आणि अडकलेली अनोळखी माणसं आपल्या जिन्यात बसून होती. केळवणाच्या पातेल्यांनी रात्रभर खिचडी शिजवली. पातेली हाताशी होती, आणि कोणाला काय जमतं हे केळवणांमुळे आधीच माहीत होतं, म्हणून ते झालं.

१०२ मधल्या गोव्याच्या कुटुंबाने २००८ साली मुलाच्या लग्नाआधी भांडी नेली, तेव्हा कारण लिहिलं “जेवण”. मी विचारलं, “केळवण का?” त्या बाई म्हणाल्या, “नाही. आमच्याकडे लग्नाआधी गेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना जेवू घालतात.” दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे रोस होता. मुलाला नारळाचा रस लावला, आपली हळद लावतात तसा. आम्ही सगळ्या गेलो होतो.

आता माझ्या घरचं सांगते. आमचे हे सोसायटीचे पहिले खजिनदार. जुन्या मंडळींना ते आठवत असतील, पावती फाडल्याशिवाय पाच रुपयेही न घेणारे. २०१३ च्या दिवाळीत मुलाने अमेरिकेतून फोन करून सांगितलं की त्याने लग्न ठरवलंय, मुलगी तिकडचीच, न्यू जर्सीची. मुलगी परकी म्हणून ह्यांना राग आला असं लोकांना वाटलं. तसं नव्हतं. हे मला म्हणाले, “ठरवलंय म्हणून कळवतो? विचारत नाही?” मग ते मुलाशी बोलायचेच थांबले. फोन वाजला की वर्तमानपत्र उघडायचे.

जानेवारीत मुलगा तिला घेऊन आठ दिवसांसाठी आला. लग्न मे महिन्यात तिकडेच व्हायचं होतं आणि हे जाणार नव्हते. घरात माणसं चार, पण बोलणं फक्त माझ्याशी. मी केळवणाचं कोणाला सांगितलंही नव्हतं. २०३ मधल्या काकू स्वतः आल्या आणि म्हणाल्या, “रविवारी गच्चीवर. तुम्ही काही करायचं नाही.” प्रत्येक घराने एक पदार्थ केला होता. मी, मुलगा आणि ती वर गेलो. हे खालीच बसले.

पाटावर पाय कुठे ठेवायचे ते त्या मुलीला कळेना. तिने माझ्या मुलाला विचारलं, हे सगळे तुझे नातेवाईक का? तो म्हणाला, नाही, शेजारी. तिने विचारलं, मग हे एवढं का करतायत? त्याला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आलं नसतं.

वाढून झालं तरी काका सुरुवात करू देईनात. ते खाली आमच्या दारात गेले आणि म्हणाले, “खजिनदार, पान मांडलंय. तुमच्यावाचून पंगत थांबली आहे.” पंगत थांबवून ठेवणं हे ह्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ते आले, समोरच्या पाटावर बसले, कोणाकडे न बघता जेवायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी पाहिलं की ती मुलगी पुरणपोळी कोरडीच खातेय. ह्यांनी तुपाची वाटी उचलून तिच्या पानाजवळ सरकवली आणि मुलाला म्हणाले, “तिला सांग, तुपाशिवाय खाऊ नये.” तीन महिन्यांत मुलाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मे महिन्यात आम्ही दोघंही गेलो. तिथे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये सराव असतो. कोणी कधी चालायचं, कोणी कुठे उभं राहायचं. नवरीच्या मैत्रिणी करवल्यांसारख्या ओळीने उभ्या. सराव झाला की दोन्हीकडच्या जवळच्या माणसांचं जेवण, त्याला ते ‘रिहर्सल डिनर’ म्हणतात. रीतीप्रमाणे तो खर्च मुलाचे आईवडील करतात. हे कळल्यावर हे मला हळूच म्हणाले, “वरपक्षाने खर्च करायचा? बराच सुधारलेला देश आहे.” आणि बिल स्वतः तपासून दिलं.

त्या जेवणात एकेक जण उठून चार शब्द बोलत होता. व्याही बोलले, मैत्रिणी बोलल्या. मला वाटलं, हे तर आपलं सीमांतपूजनच, फक्त शीव मध्ये समुद्राची आहे. ह्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले आणि इंग्रजीत एवढंच म्हणाले, आमच्या बिल्डिंगमध्ये हिचं केळवण झालं आहे, तेव्हा ही आमची झालीच, उद्याचं फक्त रजिस्टरसाठी. लोक हसले. ते विनोद करत नव्हते. त्यानंतर तीन वर्षं, ते गेले तोपर्यंत, दर रविवारी फोनवर ते सुनेशी बोलायचे. सगळं गोडच झालं असं नाही. “विचारलं नाही” हे त्यांनी मुलाला शेवटपर्यंत ऐकवलं. पण बोलून ऐकवलं.

२०२१ ची एक नोंद वहीत नाही, कारण तेव्हा भांडी निघालीच नाहीत. २२ एप्रिलपासून लागू झालेल्या सरकारी आदेशाप्रमाणे लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तासांची मुभा होती. ५०४ मधल्या मुलीचं लग्न त्यातच झालं. तिचं केळवण आपण डब्यांनी केलं. प्रत्येकाने आपला डबा तिच्या दाराबाहेर ठेवायचा, बेल वाजवायची आणि मागे सरायचं. आहेर गूगल पेने. ती दारात उभी राहून रडत होती आणि कोणाला जवळ जाता येत नव्हतं. मुलगी आता पुण्यात असते. मला भेटली की लग्नाचं नाही, डब्यांचं काढते.

सुनेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आता थोडंफार देता येईल. लग्नात आपण कोणाचे तरी पाहुणे असतो किंवा यजमान, मानपान असतो, देणंघेणं असतं. केळवण ज्याच्यावर काही बंधन नाही असा माणूस करतो. तो ते करतो तेव्हाच शेजारी होतो, एरवी एकाच मेंटेनन्सच्या यादीतली आपण नावं.

शेवटचं केळवण वहीत २०१९ सालचं आहे. त्यानंतर हॉटेलं आली. त्यात वाईट काही नाही, नोकरी करणाऱ्या मुलींनी अळू का चिरत बसावं? पण मागच्या सर्वसाधारण सभेत भांडी भंगारात काढायचा ठराव आला आणि तो पुढच्या सभेपर्यंत ठेवला आहे. गाड्यांच्या चार्जिंगच्या पॅनेलला जागा हवी, हे मला मान्य आहे. पॅनेल बसवाच. फक्त कपाट गच्चीच्या खोलीत हलवा, एवढीच माझी विनंती. हलवायला चार माणसं पुरतील.

तुळशीच्या लग्नानंतर ४०२ मधल्या मुलाचं लग्न आहे. ते लोक दोनच वर्षांपूर्वी राहायला आलेत आणि फारसं कोणाला ओळखत नाहीत. वहीत पुढची ओळ रिकामी आहे, किल्ली माझ्याकडे आहे. पाट तेवढे दोन दिवस उन्हात टाकावे लागतील.