उएनोच्या टेकडीवरचा वसंत

टोकियोच्या राजवाड्याच्या ईशान्येस उएनो नावाची एक टेकडी आहे. आपल्या पर्वतीशेजारी ठेवली तर तिला उंचवटाच म्हणावे लागेल. पायथ्याशी शिनोबाझु नावाचे कमळांचे तळे, माथ्यावर चेरीची झाडे. मार्च संपत आला की ती फुलतात आणि गावोगावचे लोक शिदोऱ्या घेऊन त्यांच्याखाली बैठक मारतात. मोठे शहर पाहुण्यांना बोलावून काय दाखवते आणि दाखविताना काय झाकते, याचा इतिहास ज्याला अभ्यासायचा असेल त्याने ही टेकडी अभ्यासावी असे आम्हांस वाटते. प्रदर्शनांविषयी लिहिणारे विद्वान बहुधा दालने मोजतात, दिवे मोजतात, तिकिटे मोजतात. आम्ही कामगार संघटनेत वावरणारी माणसे. आमची नजर साच्यावरून साचा चालविणाऱ्याकडे वळते. वाचकांनी ही सवय सांभाळून घ्यावी.

टोकियोचे जुने नाव एदो. तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची ती राजधानी. १६२५ साली तेनकाइ नावाच्या धर्मगुरूने या टेकडीवर कानएइ-जी हे मंदिर स्थापिले आणि योशिनो या प्रसिद्ध स्थळाची आठवण म्हणून तेथे चेरी लावली असे सांगतात. हे राज्यकर्त्या घराण्याचे मंदिर. सामान्य माणसाला फुले पाहण्याची मुभा होती, पण मद्य नाही, गाणेबजावणे नाही, आणि दिवस मावळताच दरवाजे बंद. आठवा शोगुन योशिमुने याने ही अडचण ओळखली. १७२० च्या सुमारास त्याने शहराबाहेर असुकायामा येथे शेकडो चेरी लावविल्या आणि तेथे लोकांना मोकळेपणी खाऊपिऊ दिले, नाचू दिले. दहा लाख वस्तीच्या शहराला वर्षातून एकदा तरी मोकळे सोडावे लागते, हे त्या काटकसरी राज्यकर्त्याला उमगले होते. चहाच्या टपऱ्यावाल्यांना ते त्याहून लवकर उमगले असावे.

१८६८ साली शोगुनशाही कोसळली. तिच्या बाजूचे सुमारे दोन हजार सैनिक उएनोवर अडून बसले. सम्राटाच्या पक्षाच्या तोफांनी एका दिवसात त्यांचा निकाल लावला आणि मंदिराच्या मुख्य इमारती जळाल्या. त्या जळक्या टेकडीवर वैद्यकीय विद्यालय व इस्पितळ बांधायचे घाटत होते. बोदुइन नावाच्या डच डॉक्टरने, हे काम दुसरीकडे करा, येथे बाग राखा, असा सल्ला दिला. १८७३ साली उएनो सार्वजनिक उद्यान ठरले.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ ऑगस्ट १८७७ रोजी, उएनोत जपानचे पहिले राष्ट्रीय उद्योग प्रदर्शन उघडले. गृहमंत्री ओकुबो तोशिमिचि याचा हा ध्यास. मुहूर्त मोठा विचित्र होता. दक्षिणेत साइगो ताकामोरि याचे बंड पेटले होते. साइगो हा ओकुबोचा बाळपणचा सोबती आणि राज्यक्रांतीतला सहकारी. प्रदर्शन चालू असतानाच, २४ सप्टेंबरला, तो मारला गेला. पुढल्या वर्षी ओकुबोचाही खून झाला. १८९८ साली याच बागेत पुतळा उभा राहिला तो बंडखोर साइगोचा, ओकुबोचा नव्हे. साधा किमोनो घातलेला, हाती कुत्र्याची दोरी धरलेला हा गृहस्थ आज टोकियोच्या पाहुण्यांच्या छायाचित्रांत हमखास सापडतो.

प्रदर्शनात १६ हजारांवर प्रदर्शकांनी सुमारे ८४ हजार वस्तू मांडल्या आणि ४ लाख ५४ हजार लोक ते पाहून गेले. ही जत्रा नव्हे, असे सरकारने बजावले होते. जुनी नवलाई, चमत्कारिक चिजा आणू नका; जे कारखान्यात किंवा शेतात उपयोगी पडेल तेच आणा.

या प्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस मिळाले त्या यंत्राची हकीकत आम्हांस सगळ्यांत मोलाची वाटते. गाउन तोकिमुने हा शिनानो प्रांतातला माणूस. तरुणपणी भिक्षू झाला. पुढे क्रांतीच्या धामधुमीत त्याचे मंदिर बंद पडले आणि तो संसारात परतला. १८७३ साली त्याने सूत कातण्याचे एक यंत्र रचले. पत्र्याच्या उभ्या नळ्या, त्यांत ठासलेला कापूस. नळी गरगर फिरे आणि वरच्या बाजूने धागा ओढला जाई. चालताना ते ‘गारा-गारा’ असा खडखडाट करी, म्हणून लोक त्याला गाराबो म्हणू लागले. विलायती यंत्राला लागणारे भांडवल नाही, वाफ नाही. हाताने फिरवा, नाही तर पाणचक्कीला जोडा. मिकावा प्रांतातल्या लोकांनी तर नदीत होड्या नांगरून त्यांना पाणचक्र लावले आणि होडीतच गिरणी थाटली!

ज्याने हे रचले त्याच्या पदरात काय पडले? पदक पडले. पेटंटचा कायदा तेव्हा अमलात नव्हता. प्रदर्शनात यंत्र उघडे मांडले होते. ज्याला डोळे होते त्याने पाहिले, घरी गेला आणि सुताराकडून तसेच करवून घेतले. गाराबो गावोगाव पसरला आणि गाउन कर्जात बुडाला. १८८२ साली सरकारने त्याला आणखी एक सन्मानाची फीत दिली. १८८५ साली पेटंटचा कायदा आला तोवर नकला सर्वत्र झाल्या होत्या, आणि पाठोपाठ मोठ्या गिरण्यांनी गाराबोलाच मागे रेटले. १९०० साली गाउन वारला. प्रदर्शनाने देशाला शहाणे केले यात शंका नाही. मात्र त्या शहाणपणाची फी कोणी भरली तेही नोंदले पाहिजे.

दुसरे प्रदर्शन १८८१ साली १ मार्चला उघडले, तिसरे १८९० साली १ एप्रिलला. पहिले भर पावसाळी उकाड्यात सुरू झाले होते. पुढची दोन्ही वसंतात आली. फुले पाहायला लोक येणारच, त्यांनाच यंत्रेही दाखवावीत, असा हिशेब असावा हा आमचा तर्क. १८८३ साली टेकडीच्या पायथ्याशी रेल्वेचे स्टेशन झाले आणि उत्तरेकडचा पाहुणा थेट बागेच्या दाराशी उतरू लागला. १८९० साली प्रेक्षक दहा लाखांवर गेले. त्या साली बागेत विजेची गाडी रुळांवरून चालवून दाखविली, जपानातली पहिली. गर्दीत तेवीस वर्षांचा एक सुताराचा मुलगा रोज येई आणि यंत्रांपुढून हलत नसे. त्याचे नाव तोयोदा साकिचि. पुढल्याच वर्षी त्याने हातमागाचे पहिले पेटंट घेतले. त्याच्या मागांच्या कारखान्यातूनच पुढे मोटारींचा कारखाना निघाला.

आता प्रदर्शनात जे मांडले नव्हते त्याकडे येऊ. १८८३ साली ओसाका कताई गिरणी सुरू झाली आणि १८८६ साली तिने विजेचे दिवे घेतले. दिवे आले तशी रात्रपाळी पक्की झाली. बारा तासांच्या दोन पाळ्या, यंत्र कधी थांबायचे नाही. कामाला खेड्यातल्या मुली. बापाला आगाऊ रक्कम द्यायची, मुलीला कुंपणाआडच्या वसतिगृहात ठेवायचे आणि रक्कम मजुरीतून फेडून घ्यायची. कंत्राटी मुकादमाची उचल ज्याने पाहिली आहे त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

१९०३ साली पाचवे प्रदर्शन ओसाकात भरले आणि ४३ लाखांहून अधिक लोक आले. भरविणारे खाते शेती व व्यापार मंत्रालयाचे. याच मंत्रालयाने याच साली आणखी एक गोष्ट केली. गिरण्यांतील कामगारांच्या स्थितीची पाहणी करून तिचे जाडजूड खंड छापले. कामाचे तास, रात्रपाळी, मारझोड, क्षय, पळून जाणाऱ्या मुली, सारे त्यांत आहे. पाहणी अव्वल दर्जाची. परंतु ती खात्यापुरती राहिली. एकाच खात्याच्या एका दालनात झगमगता माल आणि दुसऱ्या कपाटात तो विणणारीची कहाणी. पाहुण्यांना तिकीट मिळत होते ते पहिल्याचे. त्याच प्रदर्शनाच्या दाराबाहेर एका खाजगी मांडवात ऐनू, तैवानचे आदिवासी, ओकिनावाचे लोक, कोरियन, काही हिंदी माणसेसुद्धा, ‘मानववंश’ म्हणून बसविली होती! चीनने निषेध केला, ओकिनावातून संताप उठला, आणि त्या त्या लोकांना तेथून हलवावे लागले.

१९०७ साली टोकियो प्रांताने उएनोत प्रदर्शन भरविले. ६८ लाख प्रेक्षक. रात्री सर्व इमारतींच्या कडा विजेच्या दिव्यांनी उजळत आणि ती प्रभा शिनोबाझुच्या पाण्यात उतरे. नात्सुमे सोसेकी या थोर कादंबरीकाराने आपल्या त्या वर्षीच्या कादंबरीत या रोषणाईला जागा दिली आहे. १९१४ साली तळ्यावरून दोरावरची गाडी आणि जपानातला पहिला सरकता जिना. प्रेक्षक ७४ लाखांवर. दिवा वाईट असे आम्ही म्हणत नाही. तोच दिवा गिरणीत मुलीला रात्रभर जागवीत होता एवढेच सांगतो. १९११ साली कारखान्यांचा कायदा झाला, पण तो लागू व्हायला १९१६ उजाडले. तेव्हाही स्त्रियांना बारा तास, आणि रात्रपाळी उठली ती १९२९ साली.

या रात्रपाळीचा मुंबईशी सरळ संबंध आहे. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन काइशा या कंपनीने मुंबईची जहाजफेरी सुरू केली आणि आपला कापूस स्वस्तात जपानला जाऊ लागला. त्या मुली कातत होत्या त्यातला बराच कापूस हिंदी होता. ते सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुतावर मात करू लागले. १९२७ साली येथील जकात मंडळाने, जपानी गिरण्या रात्री बायकांना राबवितात म्हणून ही स्पर्धा अन्याय्य आहे, असे नमूद केले. मुंबईचे मालक मात्र तीच स्पर्धा पुढे करून आपल्या कामगारांकडे कपात मागत. तिकडच्या मुलीची झोप आणि इकडच्या साचेवाल्याचा पगार एकाच दोरीने बांधलेले होते. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेथे आपले नारायण मल्हार जोशी कामगारांच्या वतीने बसले होते. जगासाठी आठवड्याचे ४८ तास ठरले, त्यातून जपानला ५७ आणि हिंदुस्थानला ६० तासांची खास सवलत मिळाली. सवलत मालकांना, हे सांगायला नकोच. त्या परिषदेला जपान सरकारने संघटनांना डावलून स्वतःच्या पसंतीचा कामगार प्रतिनिधी धाडला, म्हणून तेथे मोठा गदारोळ झाला होता.

आणि मग पुढल्याच वसंतात उएनोला वेगळेच पाहुणे आले. १९१२ साली सुझुकि बुन्जि याने पंधरा माणसे जमवून ‘युआइकाइ’, म्हणजे स्नेहमंडळ, काढले होते. पंधरा माणसांपुढे बोलताना पाठीमागे किती रिकामी जागा दिसते, हे गेटवर सभा घेणाऱ्यालाच ठाऊक. युनियन हे नावदेखील घेणे अवघड होते, कारण १९०० सालच्या पोलीस कायद्याच्या सतराव्या कलमाखाली संपाला किंवा संघटनेला चिथावणी देणे हा गुन्हा होता. तरी मंडळ वाढले. २ मे १९२० रोजी उएनोच्या बागेत जपानची पहिली मे दिन सभा झाली. १ मे नव्हे, २ मे. कारण २ तारखेला रविवार होता आणि रोजंदार माणसाला सुट्टी त्याच दिवशी. लोक पाच ते दहा हजार होते असे वेगवेगळे अंदाज आहेत. सतरावे कलम रद्द करा, बेकारी रोखा, किमान वेतनाचा कायदा करा, या मागण्या. ज्या बागेत त्रेचाळीस वर्षे सुताची लडी काचेआड मांडली जात होती, तेथे सूत कातणारे, लोखंड ओतणारे आणि छापखान्यांतले कामगार स्वतः, विनातिकीट, उभे राहिले. सतरावे कलम १९२६ साली गेले. मे दिनावर १९३६ साली बंदी आली ती १९४६ पर्यंत टिकली.

१९२२ सालच्या शांतता प्रदर्शनाने एक कोटी दहा लाखांचा आकडा गाठला. नव्या घरांचा नमुना म्हणून तेथे चौदा सुबक घरे बांधून दाखविली होती. पुढल्या वर्षी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, भूकंप आणि आग यांनी शहरच नाहीसे झाले. लाखो लोक या बागेत आश्रयाला आले, साइगोच्या पुतळ्यावर हरवलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या चिकटल्या. त्याच दिवसांत अफवांच्या भरात हजारो कोरियनांची कत्तल झाली, आणि कामेइदो येथे सैनिकांनी दहा कामगार कार्यकर्त्यांना पोलीस ठाण्यात ठार केले.

युद्धानंतर उएनो स्टेशनच्या भुयारी वाटेत बेघर आणि पोरकी मुले झोपत. त्याच स्टेशनवर ५ एप्रिल १९५४ पासून आणखी एक वसंतातली वर्दळ सुरू झाली. मार्चमध्ये शाळा संपली की आओमोरि आणि ईशान्येकडच्या गावांतून पंधरा-पंधरा वर्षांची मुलेमुली खास गाड्यांत भरून टोकियोला आणली जात. फलाटावर दुकानदार आणि कारखानदार पाट्या घेऊन उभे असत. नाव पुकारले की मूल त्याच्या मागे चालू लागे. वर्तमानपत्रे त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. हा क्रम १९७५ पर्यंत चालला. गाडीतून उतरणाऱ्या मुलांच्या डोक्यावर टेकडीवर चेरी फुलायच्या बेतात असत. या मुलांच्या आठवणीचे एक गाणे १९६४ साली फार गाजले आणि २००३ साली स्टेशनच्या हिरोकोजि दाराशी त्याचा स्मृतिशिला बसविण्यात आली. फुले पाहायला येणारा पाहुणा बहुधा बागेकडच्या दाराने बाहेर पडतो. हे दार दुसऱ्या बाजूला आहे.