वीजबिलाचं अ‍ॅप कसं असावं?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपरमध्ये वीज अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवरची, तर मुलुंडमध्ये प्रामुख्याने महावितरणची. तिघांचीही अ‍ॅप्स आहेत. पण घरगुती ग्राहकासाठी चांगलं अ‍ॅप म्हणजे नेमकं काय?

पहिली स्क्रीन: बिल किती, शेवटची तारीख कोणती आणि मागचं बिल जमा झालं का, हे अ‍ॅप उघडताच दिसायला हवं. २०२२ मध्ये "आज रात्री साडेनऊला वीज कापणार" असे खोटे मेसेज मुंबईत अनेकांना आले. घाबरून त्यातल्या नंबरवर फोन केला की स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगून खातं रिकामं केलं जायचं. अशा वेळी मोठ्या अक्षरातलं 'थकबाकी नाही' हेच आई-बाबांना वाचवू शकतं.

बिल का वाढलं? महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत, मग ३००, ५०० आणि त्यापुढे. ३१० युनिट वापरले, तर वरच्या १० युनिटनाच पुढचा दर लागतो. हे साध्या आलेखात दाखवावं. रोजचा वापर मात्र स्मार्ट मीटर असेल तरच कळतो.

लॉगिन: महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो. तो टाइप करण्यापेक्षा बिल स्कॅन करणं सोपं.

वीज गेल्यावर: लाइट गेली की राउटरही बंद पडतो. म्हणून तक्रारीचं पान कमकुवत नेटवर्कवरही पटकन उघडायला हवं. खरी परीक्षा तिथेच होते.