पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी

फोनमधली हजार नावांची यादी आपण बोटाने सरकवतो तेव्हा आत हजार ओळी तयार असतील असं वाटतं. असतात जेमतेम दहा-बारा. वरून दिसेनाशी झालेली ओळ टाकून न देता, तिच्यातलं नाव नि फोटो बदलून तीच खालून परत आत घेतली जाते. नाटकात चार-पाच मावळे विंगेतून फिरून पुन्हा रंगमंचावर येतात आणि प्रेक्षकांना फौज दिसते, तसा हा प्रकार. अॅपमधली यादी उगाच पुन्हा पुन्हा रंगवली जाते, या तक्रारीची कुळकथा या काटकसरीपासून सुरू होते.

काटकसर मोबाइलहून जुनी. 1990 साली पॉल काल्डर आणि मार्क लिंटन यांनी एक निबंध मांडला. दस्तऐवजातल्या प्रत्येक अक्षरासाठी वेगळी वस्तू बनवायची तर मेमरी पुरणार नाही, म्हणून एकच अक्षर-वस्तू जागोजागी वापरायची, ही त्यातली कल्पना. 1994च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात ती ‘फ्लायवेट’ म्हणून आली. तरी हे चुलत घराणंच म्हणायचं, कारण इथे एक वस्तू एकाच वेळी अनेक ठिकाणी असते. यादीतली ओळ एका वेळी एकाच जागी. जवळचं नातं स्विंगशी, म्हणजे जावाच्या खिडक्या-बटणांच्या संचाशी. तिथे यादीची प्रत्येक ओळ रंगवायला एकच घटक वापरतात, आणि अधिकृत कागदपत्रांत त्याला चक्क ‘रबर स्टॅम्प’ म्हटलं आहे.

2008 साली पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी1, आला तो 192 एमबी रॅम घेऊन. एका अॅपच्या वाट्याला 16 एमबी. नको असलेल्या वस्तू झाडून काढायची वेळ आली की अॅप तेवढा वेळ थांबायचं. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला सुमारे 16 मिलिसेकंद मिळतात. सफाई त्याहून लांबली की स्क्रोल अडखळलाच. म्हणून अँड्रॉइडचा यादी दाखवणारा घटक ‘लिस्टव्ह्यू’ प्रत्येक ओळ मागताना ‘कन्व्हर्टव्ह्यू’ नावाने एक जुनी ओळ पुढे करायचा. ती वापरायची सक्ती मात्र नव्हती, आणि कित्येक जण दर वेळी नवी कोरी ओळ बनवत राहिले. 2010च्या गुगल आय/ओ परिषदेत रोमां गी आणि अॅडम पॉवेल यांना या एका घटकावर आख्खं व्याख्यान द्यावं लागलं. आयफोनच्या यादीतही 2008पासून हीच सोय होती.

पण जुनी ओळ इमानाने वापरणाऱ्यांनाही एक चक्रावणारा प्रकार दिसे. यादीला ओळ भरून देणाऱ्या ‘गेटव्ह्यू’मध्ये क्रमांक नोंदवणारी लॉगची एक ओळ टाकायची, अॅप चालवायचं आणि त्या नोंदी दाखवणारं लॉगकॅट उघडायचं: 0, 1, 2, 3, 4... आणि कुणी बोटही लावलेलं नसताना पुन्हा 0, 1, 2, 3, 4. कधी तिसऱ्यांदाही. डेटा दोनदा आला का, डेटातून ओळी बनवणारा अॅडॉप्टर दोनदा बसवला का, अशी शोधाशोध व्हायची. दोषी बहुतेकदा लेआउटच्या फाइलमध्ये निघे. यादीची उंची ‘रॅप कंटेंट’, म्हणजे आतल्या मजकुराएवढी, ठेवलेली असायची. आपली उंची किती हे ठरवायला यादी आधी ओळी मागवून मोजते, मग मांडायला त्याच ओळी पुन्हा भरून मागते. ती ‘रिलेटिव्हलेआउट’मध्ये असेल तर मोजमाप दोनदा होतं. उंची ठराविक किंवा ‘मॅच पॅरेंट’ केली की हा गोंधळ बहुधा थांबे. एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी दिवस जायचा!

दुसरा दोष सवयीचा. एका संपर्काचा फोटो बदलला तरी ‘नोटिफायडेटासेटचेंज्ड’ म्हणून मोकळं व्हायचं. नेमकं काय बदललं हे त्यात सांगितलेलंच नसल्याने दिसणाऱ्या सगळ्या ओळी नव्याने भरल्या जायच्या. 2014च्या ‘रिसायकलरव्ह्यू’ने जुन्या ओळींचा वापर सक्तीचा केला आणि ‘इथे एक आली’, ‘तिथली गेली’ असं नेमकं कळवायची सोय दिली. 2016मध्ये ‘डिफयुटिल’ आला. जुनी आणि नवी यादी द्या, फरक तो काढतो. विचारतो दोनच गोष्टी: वस्तू तीच आहे का, आणि तीच असेल तर आतला मजकूर तोच आहे का?

‘डिफयुटिल’च्या पोटातलं गणित 1986चं, युजीन मायर्स यांचं. दोन मजकुरांतला कमीत कमी फरक शोधायची ही पद्धत. जनुकांच्या साखळ्या ताडून पाहणाऱ्या ‘ब्लास्ट’च्या कर्त्यांपैकीही हे एक, आणि त्यांचं गणित आता फोनमधल्या फोटोच्या बदलाला कामी येतं.

2015 साली जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल अॅप लिहायचं रिअॅक्ट नेटिव्ह आलं तेव्हा दुखणं नव्या रूपात उभं राहिलं. त्यातला 2017चा यादीचा घटक ‘फ्लॅटलिस्ट’ जुन्या ओळी फिरवून वापरत नाही. लांब गेलेल्या काढून टाकतो आणि तिथे रिकामी जागा ठेवतो. इथे ओळींची ‘की’ म्हणून अनुक्रमांक दिला आणि वर एक नवी नोंद आली, की प्रत्येक ओळीचा क्रमांक सरकतो आणि यादीला सगळंच बदललेलं दिसतं. ओळ रंगवणारं ‘रेंडरआयटम’चं फंक्शन जागच्या जागी लिहिलं तर दर रेंडरला ते नवं ठरतं. ‘फ्लॅटलिस्ट’ मिळालेले प्रॉप्स वरवर ताडून पाहतो, त्यामुळे डेटा तोच असूनही तो पुन्हा कामाला लागतो. फंक्शन ‘यूजकॉलबॅक’मध्ये आणि ओळीचा घटक ‘रिअॅक्ट.मेमो’मध्ये गुंडाळणं हा त्यावरचा नेहमीचा इलाज.

2022मध्ये शॉपिफायच्या ‘फ्लॅशलिस्ट’ने ओळी पुन्हा फिरवायला घेतल्या, आणि फिरवलेल्या ओळीत आधीच्या नोंदीचं काही उरून राहण्याचं जुनं दुखणंही सोबत आलं. एका ओळीत ‘अधिक वाचा’ उघडून ठेवलं, ती ओळ वर जाऊन दुसऱ्या नोंदीसाठी वापरली गेली, तर ती नोंदही उघडीच दिसते, कारण ओळीच्या आतली ‘यूजस्टेट’मधली स्थिती आपोआप पुसली जात नाही. नोंद बदलली की ती हातानेच मूळपदाला आणावी लागते.