गोल करवत आणि तिच्यावरचे झाकण

१/ बांधकामावर जिला नुसते ‘कटर’ म्हणतात, त्या बॅटरीवरच्या गोल करवतीचे दाते सर्वांना दिसतात. तिचे झाकण, तळपट्टी आणि खटक्याजवळचे छोटे बटण यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. या प्रत्येक भागामागे एका विशिष्ट प्रकारच्या अपघाताचा इतिहास आहे.

२/ पूर्वी ओंडका चिरताना एक माणूस खड्ड्यात उतरे, दुसरा ओंडक्यावर उभा राही. लांब करवत वर-खाली होई आणि माणसे दमली की थांबे. गोल पात्याला असा विसावा नाही.

३/ साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने १७७७ मध्ये पवनचक्कीवर चालणाऱ्या करवत-यंत्राचे पेटंट घेतले. त्यात गोल पात्याचा उल्लेख येतो, पण ओघात. म्हणजे ते पाते तेव्हा अगदीच अपूर्व नसावे. त्याच शहरातील वॉल्टर टेलर ब्रिटिश आरमारासाठी जहाजी कप्प्या बनवताना गोल करवती वापरत असे. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट यांनी १८१३ च्या सुमारास हा शोध लावला, ही कथा समाजमाध्यमांवर फार फिरते. त्यांनी स्वतंत्रपणे तसे पाते घडवले असेलही. पहिले मात्र नव्हे.

४/ मेजावर बसवलेल्या या करवतीचा खरा धोका पात्याच्या मागच्या बाजूला असतो. पुढचे दाते लाकूड मेजावर दाबतात, मागचे वर उठत असतात. लाकूड चिरले की त्यातला ताण मोकळा होतो, फाट मिटू लागते आणि पाते चिमटले जाते. मागच्या दातांनी फळी धरली की ती कामगाराच्या अंगावर भिरकावली जाते, आणि फळी ढकलणारा हात कधी कधी थेट पात्यावर जातो. यालाच किकबॅक, म्हणजे उलट धक्का, म्हणतात.

५/ ब्रिटनमध्ये १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम झाले. पात्याच्या मागे, त्याच रेषेत, फाट उघडी ठेवणारी पोलादी पट्टी हवी. वर भक्कम झाकण हवे. हाताने फळी सरकवायची असेल तर ढकलकाठी जवळ हवी. बोटांची किंमत मोजून मिळालेले ज्ञान येथे कायद्याच्या कोरड्या भाषेत उतरले.

६/ नेमके याच सुमारास यंत्र मेजावरून उठून माणसाच्या हातात आले. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेलने ऊस तोडणारे मजूर पाहिले आणि कोयत्यालाच मोटर जोडण्याचा प्रयत्न केला, असे सांगतात. त्या खटपटीतून विजेवर चालणारी हातातली गोल करवत तयार झाली. जोसेफ सलिव्हन याच्या भागीदारीत १९२४ मध्ये कंपनी निघाली. तीच पुढे ‘स्किलसॉ’ या नावाने प्रसिद्ध झाली.

७/ आता लाकूड स्थिर राहिले आणि करवत चालू लागली. उलट धक्क्याचे स्वरूपही पालटले. हातातल्या करवतीचे दाते खालून वर कापत येतात. पाते चिमटले की फळीऐवजी करवतच उसळून मागे, धरणाऱ्याच्या दिशेने येते. १६५ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १५५ किलोमीटर भरतो. एवढ्या वेगापुढे ‘हात चटकन मागे घेऊ’ हा भरवसा पोकळ आहे.

८/ म्हणून खालचे झाकण स्प्रिंगवर बसवलेले असते. लाकडाला टेकले की ते मागे सरते, लाकूड संपले की आपोआप मिटते. घाईत काही जण ते पाचर मारून कायमचे उघडे ठेवतात. मग उसळलेल्या करवतीचे उघडे पाते मांडीपर्यंत पोहोचायला काहीच आडवे उरत नाही.

९/ कसलेले सुतार पाते चिमटूच नये याची तजवीज आधी करतात. फळीला कापाच्या दोन्ही अंगांना जवळ आधार देतात, म्हणजे ती मध्ये खचत नाही; तुटून पडणारा तुकडा मात्र मोकळा सोडतात. पाते फळीखाली जेमतेम काही मिलिमीटर डोकावेल एवढेच उतरवतात. फळी शिकंज्यात, दोन्ही हात मुठींवर, डोळ्यांवर चष्मा आणि शरीर कापाच्या रेषेपासून बाजूला. काप वाकडा जाऊ लागला, तर करवत पिळून सरळ करू पाहणे हेच उलट धक्क्याला आमंत्रण. थांबून नव्याने सुरुवात करावी लागते.

१०/ भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ यंत्रांच्या संरक्षक कुंपणाविषयी होते. पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची जागा. एखाद्या घरात कपाट बनवणारे दोघे सुतार त्या व्याख्येत बसत नव्हते, आणि हातातली करवत तर अशाच ठिकाणी वावरते.

११/ बिनतारी ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आले होते. करवतीला एकदम मोठी शक्ती लागते. ती बिनतारी यंत्रात खऱ्या अर्थाने आली २००५ नंतर, लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे. वायरीची अडचण गेली, पण तिच्यासोबत एक जुने संरक्षणही गेले. प्लग उपसला की यंत्र निर्जीव, हे साऱ्यांना कळत असे. बॅटरीची करवत मात्र पिशवीतही जिवंतच असते. खटका चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्याच्याजवळ अडसराचे बटण आले, पण पाते बदलताना, खोली ठरवताना किंवा अडकलेला ढलपा काढताना बॅटरी बाहेर काढणे हाच प्लग उपसण्याचा आजचा पर्याय. खटका सोडल्यावरही पाते थोडा वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत आणि खालचे झाकण मिटेपर्यंत करवत खाली ठेवत नाहीत.