मोजे विकायला बायकांनी यायचं नाही!

इ.स. १६२५. स्कॉटलंडच्याही उत्तरेला, नॉर्वेच्या वाटेवर, शेटलंड नावाचा बेटांचा एक पुंजका आहे. तिथल्या स्कॅलोवे गावी न्यायसभा भरली आणि तिने एक फर्मान काढलं. मथितार्थ असा: ब्रेसेच्या खाडीवर डच कोळ्यांना मोजे विकायच्या निमित्ताने बायकांनी फिरकायचं नाही. मग ती कितीही मोठ्या घरची असो. विकायचेच असतील तर नवऱ्याला, मुलाला नाहीतर गड्याला पाठवा. आणि हो, खाडीच्या काठी ज्या झोपड्या उभ्या राहिल्यात त्या पाडून टाका, कारण तिथे दारू, चोऱ्या आणि मारामाऱ्या फार वाढल्यात.

म्हणजे बघा, आपल्याकडे शिवाजीमहाराजांचा जन्म व्हायचा होता, आणि तिकडे हाताने विणलेल्या मोज्यांचा बाजार कोर्टाने दखल घ्यावी एवढा मोठा झाला होता. विणणार बाई, विकणार दुसरंच कोणी, ही व्यवस्था तेव्हाच कागदावर आली होती. आजच्या लेखाचा विषय हाच. लोकर कोणाची, हात कोणाचे आणि पैसा कोणाचा?

आधी जरा भूगोल. शेटलंड साधारण ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनअखेरीस तिथे दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो आणि उरलेल्या वेळातही पूर्ण अंधार पडत नाही. मध्यरात्री नुसता संधिप्रकाश. तिथल्या बोलीत त्याला 'सिमर डिम' म्हणतात. दिवा न लावता रात्री अकरा वाजता सुया चालवता येतात. (ऑनसाईटवाल्या क्लायंटसाठी रात्री जागणाऱ्या मंडळींना ही सोय वाटेल की शिक्षा, माहीत नाही!)

याच दिवसांत डच यायचे. हेरिंग मासा धरायला २४ जूनच्या आधी जाळं टाकायचं नाही, असा त्यांच्या देशाचा नियम होता. २४ जून म्हणजे सेंट जॉनचा सण, शेटलंडच्या भाषेत 'जॉन्समस'. त्यामुळे सणाच्या आधीच शेकडो डच बोटी ब्रेसेच्या खाडीत नांगर टाकून वाट बघत थांबायच्या. एवढे खलाशी, खिशात नाणी आणि हाताला काम नाही! बाजार भरणारच. हिवाळाभर विणलेले जाडजूड मोजे घेऊन बायका यायच्या, आणि बदल्यात नाणी, तंबाखू, दारू असं काय काय मिळायचं. सण, जत्रा आणि बाजार एकाच काठावर.

१६२५ च्या फर्मानाने झोपड्या पाडल्या, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांचंच पुढे लेरविक हे शहर झालं. आज तेच शेटलंडचं मुख्य गाव आहे. अतिक्रमण हटाव मोहिमेचा निकाल चारशे वर्षांपूर्वीही हाच लागायचा!

आता त्या बाईचा उन्हाळा कसा जायचा ते बघू. 'फुरसतीच्या वेळात विणकाम' हे चित्र आधी डोक्यातून काढून टाका. एकोणिसाव्या शतकात मे ते ऑगस्ट या काळात पुरुष सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन खोल समुद्रात जायचे, किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैलांपर्यंत. सगळे परत येतीलच असं नाही. १८८१ च्या जुलैमध्ये एका वादळात दहा होड्या आणि ५८ माणसं गेली. तेव्हा घर, गुरं आणि शेताचा तुकडा सांभाळणार कोण, तर बायका. मे महिन्यात पीट कापायचं. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं दबलेला पालापाचोळा. त्याच्या विटा कापून वाळवल्या की जळण तयार. जूनच्या सुमारास मेंढ्यांची लोकर आपोआप सुटी व्हायला लागते. शेटलंडची मेंढी कात्रीने भादरायची नाही, लोकर हाताने हळूहळू उपटायची. मग ती निवडायची, पिंजायची, चरख्यावर कातायची. पुढे पीट वाळलं की पाठीवरच्या करंडीत भरून मैल-मैल चालत घरी आणायचं.

आणि हे चालताना विणायचं. हो, चालताना! कमरेला एक चामडी पट्टा असायचा, त्यात घोड्याचे केस भरलेली आणि भोकं पाडलेली छोटी गादी. उजव्या हाताची सुई त्या भोकात रोवली की तो हात सुईचं ओझं धरण्यातून मोकळा होतो आणि वेग वाढतो. पाठीवर जळण, हातात मोजा, पायाखाली दगडधोंड्यांची वाट. जुन्या फोटोंमध्ये या बायका अशाच दिसतात. मल्टिटास्किंग हा शब्द आपण उगाचच स्वतःसाठी वापरतो.

दरम्यान बाजार बदलत होता. १७०३ मध्ये फ्रेंच आरमाराने ब्रेसेच्या खाडीतच डच बोटी जाळल्या. डच लोक नंतरही येत राहिले, पण जुना दरारा ओसरला. पुढे १८३७ मध्ये आर्थर अँडरसन या लेरविकच्या मुलाने राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे बारीक विणीचे मोजे भेट दिले. हे अँडरसन म्हणजे 'पी अँड ओ' या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईच्या बंदरात ज्या कंपनीच्या बोटींतून साहेब उतरायचे आणि आपले बॅरिस्टर विलायतेला जायचे, तीच कंपनी! राणीने वापरलं म्हटल्यावर फॅशन आली. मोज्यांच्या जोडीला जाळीदार लोकरी शाली आल्या. उन्स्ट नावाच्या बेटावरच्या बायका इतकं तलम सूत कातायच्या की पूर्ण शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता यायची.

मागणी वाढली म्हणजे विणणारीचं भलं झालं, असं तुम्हाला वाटेल. इथेच खरी गोम आहे. आता समोर डच खलाशी नव्हता, लेरविकचा व्यापारी होता. तो शाल घ्यायचा आणि मोबदल्यात पैसे द्यायचाच नाही. त्याच्याच दुकानातला चहा आणि कापड घ्यायचं, त्यानेच ठरवलेल्या भावाने. या पद्धतीला 'ट्रक' म्हणायचे. (मालवाहू ट्रकशी संबंध नाही, हा शब्द फ्रेंचमधल्या अदलाबदलीच्या शब्दावरून आलाय.) लगेच माल नको असेल तर दुकानदार एक चिठ्ठी द्यायचा: अमुक रकमेचा माल देणे बाकी. म्हणजे आपलं जेवणाचं कुपन, पण एकाच दुकानात चालणारं, आणि पगाराच्या *ऐवजी*.

आपल्याकडे बलुतेदाराला पैसे नाही मिळायचे, धान्य मिळायचं. ती काही आदर्श व्यवस्था होती असं नाही, पण धान्य निदान शिजवून खाता येतं. चहा किती पिणार? म्हणून या बायका मिळालेला चहा शेजारीपाजारी देऊन त्या बदल्यात पीठ आणि बटाटे मिळवायच्या. आणि पुढची शाल विणायला लागणारी लोकर? ती मात्र रोखीची वस्तू. विणकामाच्या बदल्यात लोकर सहसा मिळायची नाही. म्हणजे कच्चा माल रोखीने आणि पक्का माल चहाच्या पुड्यांत. कुठलाही धंदा यात बुडेल. बाईचा बुडायचा नाही, कारण ती स्वतःच्या वेळेचा हिशोबच धरत नव्हती.

तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारने चौकशी लावली. १८७२ च्या जानेवारीत विल्यम गथ्री नावाचे वकील शेटलंडला आले आणि साक्षी नोंदवायला बसले. ही साक्ष छापील उपलब्ध आहे. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर... एखादी लॉग फाईल वाचावी तसं वाचत जायचं. भाषा अगदी कोरडी. शाल किती दिवसांत विणली? मोबदला काय मिळाला? पैसे मागितले का? मागून उपयोग नव्हता. पण वाचताना एक गोष्ट जाणवते. २४७ वर्षांपूर्वीच्या फर्मानात बाई फक्त 'येऊ नये' एवढ्यापुरती होती. इथे ती स्वतःच्या नावाने बोलते आहे आणि तिचं म्हणणं शब्दशः लिहून घेतलं जातंय.

उपयोग झाला का? झाला, पण हळू. १८८७ च्या कायद्याने घरी बसून विणलेल्या लोकरी वस्तूंनाही (पाच पौंडांच्या आतल्या) ट्रकविरोधी कायदा लागू झाला, म्हणजे मोबदला रोख द्यायला हवा. कायदा झाला म्हणून दुकानदार सुधारला असं मात्र नाही. पुढेही बरीच वर्षं चहा-कापडाचा मामला चालूच होता. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर हजारो सैनिक येऊन राहिले आणि त्यांना घरी पाठवायला स्वेटर, हातमोजे हवे होते. खिशात नाणी असलेलं गिऱ्हाईक पुन्हा थेट दाराशी आलं!

जाता जाता नक्षीची गोष्ट. शेटलंडच्या दक्षिणेला फेअर आईल हे चिमुकलं बेट आहे. तिथली रंगीत पट्ट्यांची वीण जगप्रसिद्ध आहे. एका ओळीत फक्त दोन रंग, तरी अख्खा स्वेटर रंगीबेरंगी. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स तसा स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि पुन्हा फॅशनची लाट आली. या नक्षीबद्दल एक लाडकी कथा आहे: १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं एक जहाज या बेटावर फुटलं आणि त्या खलाशांनी बायकांना नक्षी शिकवली. जहाज फुटलं हे खरं. नक्षी शिकवल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. पण कथा चालते, कारण या बायकांना हे स्वतःचं स्वतः सुचलं असेल हे मान्य करण्यापेक्षा बुडालेल्या खलाशाला श्रेय देणं सोपं जातं. पैसा दुकानदाराचा, नक्षी स्पॅनिशांची. मग बाईचं काय? फक्त हात?

आजही ऑगस्टमध्ये शेटलंडच्या गावोगावच्या कृषी प्रदर्शनांत मेंढ्यांच्या शेजारी विणकामाच्या स्पर्धा असतात. २०१० पासून शरद ऋतूत 'वूल वीक' भरतो आणि त्यासाठी जगभरातून विणणारे येतात. टेबलाच्या पलीकडे आता विणणारी स्वतः उभी असते, किंमत तीच सांगते. गिऱ्हाईक मात्र अजून विचारतं, "एवढं महाग?"

एखाद्या हस्तकला प्रदर्शनात हा प्रश्न ओठावर आला, तर किमतीच्या आधी तास विचारून बघा. आपण क्लायंटला बिल तासांवरच लावतो की.